उंदराची टोपी आणि पहिलीचा वर्ग

नमस्कार. पत्रिकेत विषय ‘गोष्टीतून गणित’ असा छापलाय. गणितावर येतोच, पण आधी गोष्ट नीट सांगून होऊ द्या, नाहीतर गणित काढायचं कशातून? समोर बहुतेक जण पहिली-दुसरीचे शिक्षक आहेत, बरेच जोडवर्ग, म्हणजे दोन इयत्ता एकत्र, सांभाळणारे. तुम्हाला गोष्टींची यादी वाचून दाखवण्यात अर्थ नाही. एकच गोष्ट घेऊ आणि ती आठवडाभर पुरवू.

उंदराची टोपी सगळ्यांना पाठ आहे. उंदराला चिंधी सापडते. धोबी ती धुतो, रंगारी रंगवतो, शिंपी टोपी शिवतो, मग गोंडे लागतात. कुणी नाही म्हटलं की धमकी ठरलेली: शिपाई आणीन, मार देववीन, वर मजा बघत बसेन. मग ढोल बडवत स्वारी राजवाड्यावर. राजा टोपी काढून घेतो, तर ‘राजा भिकारी, माझी टोपी घेतली’. चिडून परत देतो, तर ‘राजा मला भ्याला, माझी टोपी दिली’. घरोघरी शब्द बदलतात, कुठे रंगारी गळतो. गळू द्या.

आता माझी जुनी तक्रार, तात्पर्याची. गोष्ट संपायचा अवकाश, आपण विचारतो, ‘या गोष्टीतून आपण काय शिकलो?’ आणि वर्ग एका सुरात, ‘खोटं बोलू नये!’ गोष्टीत कुणी खोटं बोललेलंच नसतं. पण पोरं हुशार. गर्व करू नये, आळस करू नये, मोठ्यांचं ऐकावं, एकीने राहावं, एवढ्या चार-पाच उत्तरांवर सगळ्या गोष्टी उरकतात हे त्यांना पहिल्या सत्रातच कळलेलं असतं. आता उंदराच्या टोपीचं तात्पर्य काढून दाखवा. धमकी दिली की काम फुकट होतं? अनुभव म्हणून खरं असेल (हशा), पण फळ्यावर कसं लिहिणार? मग आपण ओढूनताणून ‘गर्वाचे घर खाली’ लिहितो. अहो, गर्विष्ठ उंदीर शेवटी जिंकलाय! भावनगरला 1920 साली बालमंदिर सुरू झालं, तेव्हापासून ते चालवणारे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका सांगत आले की गोष्ट आनंदासाठी सांगा, उपदेशाची पुडी बांधायला नको. आपल्याकडच्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक तिथेच त्यांच्या सोबतीने काम करत होत्या. म्हणजे आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच सांगून झालंय.

नुकसान काय होतं? शेवटी कुठला प्रश्न येणार हे मुलाला माहीत असेल, तर ते गोष्ट ऐकत नाही, उत्तराची वाट बघतं. आणि या वयात गोष्टीतून मिळण्यासारखं जे आहे, क्रम, तो निसटतो. आधी काय, मग काय, आणि तसंच का. म्हणून शेवटी विचारायचंच असेल तर हे विचारा: उंदीर आधी शिंप्याकडे गेला असता तर? मळक्या चिंधीची टोपी झाली असती, गोंड्यांसकट धुवावी लागली असती, रंग गोंड्यांना लागला असता. यावर पहिलीचा वर्ग भांडतो. भांडू द्या.

पहिल्या दिवशी नुसती गोष्ट सांगा, पुस्तक हातात नको. धमकीचं वाक्य दरवेळी त्याच चालीत म्हणा. तिसऱ्या कारागिरापर्यंत वर्ग आपोआप साथ देतो. ढोल म्हणून बडवायला डबा एकच ठेवा आणि तो एकाच मुलाकडे, नाहीतर शेजारच्या वर्गाचे गुरुजी शिपाई घेऊन येतील. राजा टोपी घेतो तिथे थांबा. पुढे काय, ते उद्या. ज्यांना गोष्ट माहीत आहे ती मुलं ओरडून सांगणारच. त्यांना राजाचे मंत्री करा. मंत्र्याने गुपित फोडायचं नसतं, हे त्यांना लगेच पटतं.

दुसऱ्या दिवशी पिशवीत पाच वस्तू: चिंधी, साबणाचा तुकडा, रंगीत खडू, दोऱ्याची रीळ, गोंडा. मुलाने त्या क्रमाने मांडायच्या आणि मांडता मांडता गोष्ट सांगायची. वाचता न येणारं मूलही इथे अडत नाही. बिघडतं कधी? आपण एकेक वस्तू काढून देतो तेव्हा. मग क्रम आपणच लावलेला असतो. पिशवी मुलाच्याच हातात द्या.

टोपी मात्र मुलांनीच करायची. मुखवट्यांचं एक बघा: शिक्षिका रात्री जागून वीस मुखवटे कापते, मुलं दहा मिनिटं घालतात, रबर तुटतं. वर्तमानपत्राचं जोडपान घेऊ नका, ती टोपी पोराच्या खांद्यावर उतरते. सुटं एक पान, साधारण 33 बाय 54 सेंटिमीटर. लांबी अर्धी होईल अशी घडी. ही बंद कड मुलाने आपल्यापासून लांब, वरच्या बाजूला ठेवायची. निम्म्या टोप्या इथेच फसतात, कारण उघडी कड वर राहिली तर टोपीला डोक्यावर भोक पडतं. मग ‘मध्यावर कोपरे आणा’ म्हणू नका, मध्य कुठे आहे ते मुलाला दिसत नसतं. कागद पुस्तकासारखा मिटून उघडायला लावा, पडलेल्या खुणेवरून पेन्सिल फिरवू द्या. दोन्ही वरचे कोपरे त्या रेघेला भिडवायचे. खाली साधारण दहा सेंटिमीटरची पट्टी उरते. तिचा एक पदर या बाजूने दोनदा वर दुमडायचा, दुसरा मागच्या बाजूने. गोंड्यासाठी लोकर नको, सहा वर्षांच्या बोटांना घट्ट गाठ येत नाही. चार सेंटिमीटर रुंद रंगीत कागदी पट्टी, एका कडेने झालरीसारखी कापायची, गुंडाळायची, चिकटवायची. झालं.

वाक्याचं काम: ‘राजा / भिकारी / माझी / टोपी / घेतली’ अशी पाच शब्दपत्रं. टोपीच्या जागी मुलं दप्तर, डबा, चप्पल सुचवतात. डबा आला की ‘माझा’, ‘घेतला’ लागतं, दप्तराला ‘माझं’, ‘घेतलं’. ही पत्रं आधीच करून ठेवा, नाहीतर ऐन रंगात आलेला खेळ थांबतो. व्याकरणाचा नियम सांगू नका, मुलं तोंडी बरोबरच बोलतात.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. पाच मिनिटं. आणि गणित सगळंच राहिलंय. भरभर सांगतो.

मोजमाप: टोपी शिवायची तर डोक्याचा घेर हवा. प्रत्येकाला साठ सेंटिमीटर सुतळी, जोडीदाराने घेर घेऊन खूण करायची, तिथे कापायची. लोकर वापरू नका, ताणली जाते आणि मापं चुकतात. सगळ्या सुतळ्या भिंतीवर एका आडव्या रेघेपासून खाली सोडून चिकटवा. वरची टोकं एका ओळीत नसली तर तुलना खोटी ठरते. लांबीच्या क्रमाने लावल्या की आलेख तयार. उंच मुलाचीच सुतळी सर्वांत लांब असते का, हे आधी विचारून ठेवा.

पैसे: फुकट करून घेतलेल्या कामाचं बिल उंदराला द्यायचं. धुलाई 2 रुपये, रंग 3, शिलाई 5, गोंडे 4. उंदराकडे दहाचीच नोट आहे. कुठलं काम वगळायचं? पहिलीला बेरीज, दुसरीला निवड, जोडवर्गात एकाच बिलावर दोन्ही इयत्ता बसतात.

परिसर अभ्यासाला गावातला शिंपी वर्गात बोलवा. प्रश्न मुलांनी आदल्या दिवशी ठरवायचे, पाचच. त्याने एका मुलाचं माप टेपने घ्यावं आणि भिंतीवरच्या सुतळीशी ताडून बघावं.

नोंदींचं कोणीतरी विचारणारच, म्हणून सांगून टाकतो: पाच वस्तू कोणी क्रमाने मांडल्या आणि कोण कुठे अडलं, एवढं हजेरीच्या मागच्या पानावर लिहा. वेगळी वही नको.