माजी आहेत, भावी आहेत

घाटंजी ते पांढरकवडा रस्ता. सकाळचे आठ वाजलेत, पुढं काळी-पिवळी चाललीये, शाळेचे पोट्टे, दुधाच्या कॅन, बाजाराला निघालेल्या बाया, सगळं कोंबून भरलंय आणि मागच्या अख्ख्या काचेवर एका भाऊचा फोटो, हात जोडलेले, खाली ‘भावी जि. प. सदस्य’. तारखेचा अजून पत्ता नाही बरं का.

जरा जवळून बघा. कडा उलटल्यात, लाल रंग उडून फिक्का गुलाबी झालाय, इथल्या उन्हात स्टिकर किती टिकणार. यवतमाळ जिल्हा परिषदेची निवडणूक 2017 ला झाली, मुदत मार्च 2022 ला संपली, ओबीसी आरक्षणाचं प्रकरण कोर्टात अडकलेलंच होतं, म्हणून कारभार गेला प्रशासकाकडं. हे स्टिकर तेव्हाचं, मुदत संपायच्याही आधीचं. म्हणजे सर्कलमध्ये, जि. प.च्या मतदारसंघात हो, माजी आहेत, भावी तर चौकाचौकात आहेत, आजी कोणीच नाही. शाळेची खोली गळली, हापशी बंद पडली तर कोणाच्या दारात जायचं? मला ह्याचंच जास्त वाईट वाटतं.

मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं चार महिन्यांत निवडणुका उरका म्हटलं आणि रेडियमच्या दुकानात परत गर्दी. आचारसंहिता लागते निवडणूक जाहीर झाल्यावर, त्याआधी काचेवर काय लावलं हे कोण विचारतंय, विधानसभेला तर उमेदवाराचा खर्चही अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचाच धरतात. पण घोळ वेगळाच आहे, आरक्षणाची सोडत निघायच्या आत स्टिकर छापून मोकळे. निम्म्या जागा महिलांच्या, सर्कल महिला राखीव निघालं की भाऊच्या नावावर नवी पट्टी, ‘सौ.’ लावून वहिनीचं नाव, फोटो मात्र भाऊचाच मोठा. वहिनीला लढायचं का नाही, हे तिला कोणी विचारलंय का? विचारायलाच पाहिजे ना.

आता ही काळी-पिवळी रेडियमच्या दुकानापुढं उभी आहे. पोरगा काचेवर थिनरचं फडकं फिरवतोय, ब्लेडनं खरवडतोय, हात जोडलेले गेले, नाव गेलं, ‘भावी’ तेवढं चिकटून बसलंय, ते काही केल्या निघत नाही. शेवटी तेही निघालं. तो विचारतो, “काकाजी, नवीन आलंय, लावून देऊ का?”

ड्रायव्हर आरशात बघतो. “राहू दे बावा. मागचं दिसू दे, पोट्टे उतरते मागून.”