पात्र आहात, पण इष्टांक संपला

[दृश्य: नाशिकच्या पंचवटीतलं रास्त भाव दुकान. ई-पॉस यंत्रावर अंगठा.]

केशरी कार्ड खरं आहे, बारा अंकी नंबरही ऑनलाइन आहे. तरी यंत्र धान्य दाखवत नाही. कारण कार्डावर 'प्राधान्य कुटुंब' हा शिक्का नाही. नुसतं केशरी कार्ड म्हणजे धान्य नव्हे, हे पुष्कळांना दुकानात उभं राहिल्यावरच कळतं.

2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानं कामाची वाटणी केली. किती माणसांना धान्य द्यायचं ते केंद्र ठरवणार, कोणाला द्यायचं ते राज्य. महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण भागात 76.32 टक्के, शहरी भागात 45.34 टक्के लोकसंख्या आली, तीही 2011 च्या जनगणनेची. राज्यात मिळून सुमारे सात कोटी माणसं. हाच इष्टांक, जो पुढे जिल्ह्या-तालुक्यांत वाटला जातो. 2011 साली नाशिक महापालिका हद्दीत 14,86,053 लोक होते. त्यानंतर अंबड-सातपूरच्या कारखान्यांत नि बांधकामांवर आलेल्यांची या हिशेबात गणतीच नाही. कलम 9 नुसार नव्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत हा हिशेब हलत नाही.

[दृश्य: तहसील कार्यालय, अर्जांचे गठ्ठे.]

प्राधान्य कुटुंबात यायला लागणारी उत्पन्नाची अट राज्याची. 2013 साली ठरली ती वर्षाला शहरात 59,000, खेड्यात 44,000 रुपये, सगळ्या कुटुंबाचे मिळून. 59,000 ला बारानं भागा: महिन्याला 4,917. पाचशे रुपये रोजानं महिन्यात दहा दिवस काम लागलं की घर अटीबाहेर. मग उत्पन्नाचा दाखला देताना, पाहणी करताना डोळेझाक होणारच, आणि ती कोणासाठी करायची हे खालीच ठरतं. धान्य कोणाला मिळावं यात स्थानिक कचेरीचा अधिकार आहे तो असा, मागच्या दारानं.

कागद चोख असले तरी जागा रिकामी व्हावी लागते: मृत्यू, सासरी गेलेली मुलगी, दुबार नाव. प्राधान्य गटात मोजणी माणशी, महिन्याला पाच किलो. त्यामुळे नव्या सुनेचं नाव चढवायलाही इष्टांकात जागा हवी. तिच्या माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आधी आणा. नाहीतर आधार दोन कार्डांवर दिसतं आणि अर्ज तिथेच अडकतो. अंत्योदयचं, म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबांच्या कार्डाचं, गणित निराळं: कार्डामागे 35 किलो, घरात दोघं असोत की आठ.

सुरगाणा-पेठहून मजुरीला आलेल्यांना गावच्या कार्डावर नाशिकमध्ये धान्य उचलता येतं, ही मोठी सोय. पण बाळाचं नाव चढवायचं तर काम गावच्या तहसीलचं.

निराधारांना दरमहा पैसे देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेत उलटं. ती राज्याची, निवड तालुका समितीची. पण समितीची बैठकच लांबली, तर पात्र विधवेचा अर्जही पडून राहतो. लाल सिग्नल दिल्लीचा असो की तालुक्याचा, थांबणारी माणसं तीच.

रेशनचा अर्ज तोंडी परतवला तर पोच आणि लेखी कारण मागा. 'इष्टांक शिल्लक नाही' एवढंच लिहून मिळालं तरी चालेल; जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाताना, किंवा पुढे जागा निघाल्यावर आपला अर्ज आधीचा होता हे दाखवताना, तारखेचा तोच कागद लागतो.