एक मिलिमीटर

(परळ. सकाळ. टपरीवरचा चहा, काखेतल्या फायली.)

परळला काखेत अशी फाइल घेऊन उतरलेल्या माणसाला टॅक्सीवाला पत्ता विचारत नाही; टाटा कॅन्सर हॉस्पिटललाच नेतो.

हे काका साताऱ्याकडचे. शौचावाटे रक्त जायचं. मूळव्याध समजून बरेच महिने औषधं झाली. मग दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा तपासला. गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा, कॅन्सर. गाठ आहे हे कळलं. ती भिंतीबाहेर किती पसरली आहे, हे ऑपरेशनआधी कळायला हवं.

(एमआरआय विभाग.)

"काका, घड्याळ? करगोटा? खिशात काही?"

चुन्याची डबी निघते. मशीन गप्प असलं तरी आतलं चुंबक चोवीस तास जागं असतं. चाकाची खुर्चीसुद्धा ते ओढून घेतं.

आतड्याची हालचाल थांबावी म्हणून एक इंजेक्शन. मग आवाज सुरू होतो. कानांत बोळे घातले तरी तो ऐकू येतोच.

(स्क्रीन.)

ही पांढरी दिसते ती चरबी. मधली काळी रेघ म्हणजे गुदाशयाचा स्नायू. करडा भाग ही गाठ. आणि चरबीच्या बाहेरून गेलेली ही दुसरी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी रेघ पाहा. मेसोरेक्टल फॅशिया. सर्जनला याच पापुद्र्याच्या बाहेरून कापायचं असतं, आतली चरबी न फाडता, सगळं एका पुडक्यात. ब्रिटिश सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ साली हा आग्रह धरला, तेव्हापासून ही रेघ महत्त्वाची झाली.

आता टेक्निशियनबाईंचा हात बघा. त्या चित्रासाठीच्या छेदाची दिशा फिरवतायत. काकडी तिरकी चिरली की चकती लांबट होते. तसंच इथंही. ३ मिलिमीटर जाडीचा छेद गाठीच्या अक्षाला काटकोनात बसला नाही, तर भिंत उगाच जाड दिसते आणि गाठीची कड चरबीत मिसळल्यासारखी वाटते. गुदाशय काही सरळ नळी नाही, तो वळतो, म्हणून प्रत्येक माणसात हा कोन नव्यानं शोधावा लागतो. घाईच्या सेंटरमध्ये नेमकं इथंच हात आखडता घेतला जातो. पोटाचा एमआरआय काढला आणि गुदाशयाचा एमआरआय काढला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रेडिओलॉजिस्ट गाठीची जागा घड्याळाच्या काट्यांनी सांगतात: पाच ते आठ. मग मोजपट्टी लावतात. गाठ आणि पापुद्रा यांत १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी अंतर असेल, तर कापायची कड धोक्यात. हे अंतर ऑपरेशनआधी एमआरआयवर भरवशानं वाचता येतं, हे युरोपातल्या मर्क्युरी अभ्यासानं २००६ साली दाखवलं. शेजारच्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) आणि भिंतीबाहेरच्या रक्तवाहिनीत शिरलेला कॅन्सर हेही याच चित्रांत शोधतात.

कड मोकळी असेल तर बऱ्याचदा थेट ऑपरेशन. धोक्यात असेल तर आधी रेडिएशन, केमो, आणि पुन्हा एमआरआय. गाठ फार खाली असेल तर पोटावर कायमची पिशवी लागेल का, तेही यावरूनच ठरू लागतं.

(काका बाहेर येतात. करगोटा बांधतात.)

"माझी डबी?"

(स्क्रीनवर मोजपट्टी तशीच. ३ मिलिमीटर.)