एलडीएल : मोजलेले की हिशोबाने काढलेले?

नमस्कार श्रोतेहो. लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातील चरबीच्या तपासणीचा, रिपोर्ट हाती आला की आपली नजर बहुधा एलडीएलच्या, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलच्या, आकड्याकडे आधी वळते, कारण गोळी सुरू करायची की नाही, आणि सुरू असलेली पुरेशी आहे की नाही, हे बरेचसे त्यावर ठरते. परंतु हा आकडा अनेक रिपोर्टांत यंत्राने मोजलेला नसतो, तर इतर तीन आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो. हे गणित कुठे चोख उतरते आणि कुठे चुकते, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

एकूण कोलेस्टेरॉल मात्र खरोखरच मोजले जाते. रक्तातून वेगळ्या केलेल्या सीरमच्या थेंबभर नमुन्यात काही एन्झाइमे मिसळतात. त्यांपैकी एक कोलेस्टेरॉलला मेदाम्लापासून सोडवते, दुसरे त्याचे ऑक्सिडीकरण करते आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. त्याच्यामुळे पुढच्या अभिक्रियेत नमुन्याला रंग येतो. कोलेस्टेरॉल जितके जास्त तितका रंग गडद, आणि त्या रंगाने किती प्रकाश शोषला यावरून यंत्र आकडा देते. ही पद्धत भरवशाची आहे. एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, आणि ट्रायग्लिसराइड हा रक्तातील चरबीचा दुसरा प्रकार, हेही अशाच एन्झाइमी पद्धतींनी मोजतात.

एलडीएलची गोष्ट वेगळी आहे. ते काटेकोरपणे वेगळे करायचे तर नमुना अतिवेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये कित्येक तास फिरवावा लागतो, आणि रोज शेकडो नमुने तपासणाऱ्या लॅबला ते परवडत नाही. यावर 1972 साली फ्रिडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिक्सन या संशोधकांनी एक सूत्र मांडले. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे, आणि त्यातून ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा. उरते ते एलडीएल. रक्तातून ट्रायग्लिसराइड वाहून नेणाऱ्या व्हीएलडीएल नावाच्या कणांत ट्रायग्लिसराइडच्या साधारण एक पंचमांश कोलेस्टेरॉल असते, या गृहीतकावर हा पाचचा भाजक उभा आहे. सूत्र 448 व्यक्तींच्या नमुन्यांवर आधारलेले होते. ट्रायग्लिसराइड 400 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेले तर ते वापरू नये, असे त्याच्या कर्त्यांनीच सांगून ठेवले होते. एवढे साधे सूत्र पुढे पन्नास वर्षे जगभर चालले, याचे मला आजही कौतुक वाटते.

अडचण अशी, की हे प्रमाण सर्वांच्या रक्तात सारखे नसते. ट्रायग्लिसराइड वाढले की कणांची घडण बदलते आणि पाचने भागून येणारी रक्कम प्रत्यक्षाहून मोठी ठरते. परिणामी एलडीएल खऱ्यापेक्षा कमी दिसते. एक उदाहरण घेऊ. समजा एकूण कोलेस्टेरॉल 160, एचडीएल 40 आणि ट्रायग्लिसराइड 250 आहे. जुन्या सूत्राने 160 वजा 40 वजा 50, म्हणजे एलडीएल 70 येते. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधील सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी 2020 साली दिलेले, 800 पर्यंतच्या ट्रायग्लिसराइडसाठी चालणारे सूत्र लावले, तर त्याच रक्ताचे एलडीएल सुमारे 79 निघते. ज्याचे एलडीएल 150 च्या घरात आहे, त्याला नऊ अंकांचा फरक फारसा जाणवणार नाही. पण हृदयविकार होऊन गेलेल्या रुग्णाचे एलडीएल 70 च्या खाली आणायचे असते तेव्हा हा फरक उपचारच बदलू शकतो. म्हणजे आकडा जितका खाली आणायचा, तितके जुने सूत्र अडखळते, आणि आजच्या प्रभावी औषधांच्या काळात नेमकी तीच परिस्थिती वारंवार येते.

याच दोषावर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील मार्टिन आणि सहकाऱ्यांनी 2013 साली वेगळा उपाय सुचवला. तेरा लाखांहून अधिक नमुन्यांच्या आधारे त्यांनी 180 घरांचा तक्ता तयार केला, ज्यात व्यक्तीच्या ट्रायग्लिसराइड आणि नॉन-एचडीएल (एचडीएल वगळून उरलेल्या) कोलेस्टेरॉलनुसार पाचच्या जागी योग्य भाजक मिळतो. काही लॅब एलडीएल थेट रसायनांनीही मोजतात. थेट मोजले म्हणजे अचूकच, असे मात्र समजू नये. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटचे निकाल, विशेषतः ट्रायग्लिसराइड फार वाढलेल्या रक्तात, एकमेकांशी जुळत नाहीत.

गणिताशिवायही आकडा हलतो. वीस-तीस मिनिटे आडवे पडून राहिल्यावर रक्त घेतले तर कोलेस्टेरॉल उभे असतानापेक्षा कमी येते, आणि दंडाला पट्टा बराच वेळ आवळून ठेवला तर वाढून येते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर किंवा मोठ्या आजारपणात एलडीएल काही काळ खाली उतरते. शिवाय काहीही न बदलता एकाच व्यक्तीचे एलडीएल काही आठवड्यांच्या अंतराने 100 वरून 92 किंवा 108 होणे स्वाभाविक आहे. म्हणून दोन रिपोर्टांतील अशा फरकावरून गोळी लागू पडली किंवा पडली नाही, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

नॉन-एचडीएल मात्र या अंदाजाच्या फेऱ्यातून बरेचसे सुटते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केले की ते मिळते, त्यात ट्रायग्लिसराइडचा भाजकच येत नाही आणि त्यासाठी उपाशीपोटी रक्त देण्याचीही गरज नसते. वरच्या उदाहरणात ते 120 आहे, मग सूत्र कोणतेही वापरा. मधुमेह, लठ्ठपणा किंवा वाढलेले ट्रायग्लिसराइड असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलताना एलडीएलच्या शेजारी हा आकडाही विचारावा, आणि एलडीएल कोणत्या सूत्राने काढले की थेट मोजले, हे लॅबकडून जाणून घ्यावे. पुढची तपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये आणि त्याच पद्धतीने करून घ्यावी.