काचेतली गाडी नंतर, आधी काउंटरमागचे खण बघा!

[कॅमेरासमोर. टेबलावर एक इंजिन, एक वाघीण (मालडबा), कॅलिपर (बारीक माप घ्यायचं साधन), छोटा मल्टिमीटर आणि एक चिठ्ठी.]

नमस्कार मंडळी. मॉडेल ट्रेनच्या दुकानात शिरलं की डोळे थेट काचेच्या कपाटावर जातात. जाणारच, इंजिनं असतातच तशी देखणी. पण दुकान पारखायचं असेल तर नजर काउंटरच्या मागे न्या. तिथे छोट्या छोट्या खणांची कपाटं आहेत का? त्या खणांत चाकांच्या जोड्या, गिअर, कार्बन ब्रश, कपलिंग (डबे जोडणारे आकडे), रेल जॉइनर (रुळांची टोकं जोडणाऱ्या पट्ट्या) आहेत का? एखादा चालता टेस्ट ट्रॅक मांडलेला आहे का? सोल्डरिंगचं टेबल आहे का? या तीन गोष्टी जिथे असतात ते दुकान जपावं.

कारण साधं आहे. आजची बहुतेक मॉडेलं ठरावीक खेपेत बनतात. खेप संपली की सुटे भागही हळूहळू मिळेनासे होतात. मग जेमतेम एक ग्रॅमच्या गिअरपायी अख्खं इंजिन कपाटात पडून राहतं. तो गिअर कुठल्या खणात आहे हे माहीत असलेला दुकानदार या छंदात लाखमोलाचा.

पण त्यालाही तुमच्याकडून नीट माहिती मिळायला हवी. म्हणून जाताना ही चिठ्ठी न्या.

[चिठ्ठी कॅमेऱ्याजवळ.]

हिच्यावर पाच गोष्टी लिहिल्यात: स्केल (खऱ्या गाडीशी मॉडेलचं प्रमाण), रुळाचा कोड (त्याची उंची), तुमच्या मांडणीतल्या सगळ्यात अरुंद वळणाची त्रिज्या, साधा डीसी की डीसीसी (प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणारी पद्धत), आणि कपलिंगचा प्रकार. सोबत घरची एक वाघीण घ्या. काही तुटलं असेल तर फोटोवर भागवू नका, तुटलेला भागच डबीत घालून न्या. गिअरचे दात मोजावे लागतात, भोकाचा व्यास मापावा लागतो. फोटोवरून हे होत नाही.

आता स्केल. इथे नवशिक्यांची पहिली चूक होते, कारण स्केल आणि रुळांमधलं अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एचओ म्हणजे १:८७ आणि ओओ म्हणजे १:७६.२, पण दोन्ही चालतात १६.५ मिलिमीटरच्या रुळावर. ब्रिटनमधली खरी इंजिनं अंगाने लहान. १:८७ मध्ये त्यांच्या पोटात तेव्हाच्या मोटरी मावेनात, म्हणून रूळ तोच ठेवून वरचं अंग मोठं केलं गेलं. त्यामुळे ओओचं इंजिन एचओच्या रुळावर मजेत धावतं, पण शेजारी एचओचं स्टेशन ठेवलं की डोळ्यांना खुपतं. १७५ सेंटिमीटर उंचीचा माणूस ओओमध्ये २३ मिलिमीटरचा होतो, एचओमध्ये २० चा. तीन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण फलाटावर दोघांना शेजारी उभं करून बघा.

एन स्केलमध्येही तेच. रूळ सगळीकडे ९ मिलिमीटर, पण प्रमाण युरोप-अमेरिकेचं १:१६०, ब्रिटनचं १:१४८ आणि जपानचं १:१५०. जपानची शिन्कान्सेन मात्र १:१६० मध्ये बनते, कारण ती खऱ्या आयुष्यात १४३५ मिलिमीटरच्या रुळावर धावते आणि त्याला १६० ने भागलं की जवळजवळ ९ येतात. खोक्यावर नुसतं ‘एन’ वाचून थांबू नका, पुढचा आकडाही वाचा.

आता मुख्य विषय. जुनं, म्हणजे सेकंडहँड इंजिन. चांगल्या दुकानाचा खरा उपयोग इथेच, कारण इथे गाडी चालवून घेता येते. गर्दीची वेळ टाळा, दुकानदाराला सांगा आणि निदान दहा मिनिटं घ्या. पाच मिनिटं पुढे, पाच मिनिटं मागे. थंड इंजिन बऱ्याच गोष्टी लपवतं. मोटर तापली की दोष बोलायला लागतात.

पण ट्रॅकवर ठेवण्याआधी इंजिन उलटं करा आणि चासी, म्हणजे खालचा सांगाडा, उजेडात धरा. जुन्या ओतीव जस्ताच्या चासीवर केसासारख्या भेगा, फुगवटा किंवा बाक दिसला तर ते इंजिन शांतपणे परत ठेवा. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं वगैरेची भेसळ राहिली की धातू आतून गंजत जातो आणि फुगतो. दमट हवेत हे आणखी वेगाने होतं. डिंक, एपॉक्सी, रंग, काहीच चालत नाही. चासी बदलणं हाच उपाय.

[इंजिन टेस्ट ट्रॅकवर.]

आता थ्रॉटल, म्हणजे वेगाचं बटण, शून्यावरून अगदी हळू वाढवा. इंजिन न अडखळता रांगत सुटलं पाहिजे. मग कान द्या. ‘टक... टक... टक’ असा ठेक्यात आवाज येतो का? वेग वाढवला की ठेकाही वाढतो का? मग आसावरचा प्लॅस्टिकचा गिअर बहुधा तडकलाय. धातूच्या आसावर दाबून बसवलेलं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं आकसतं आणि चिरतं. चीर पडली की दोन दातांमधली फट वाढते आणि प्रत्येक फेरीत तिथे धक्का बसतो. डिंक लावून ही फट मिटत नाही, कारण प्लॅस्टिक आधीच आसापेक्षा लहान झालेलं असतं. नवा गिअर किंवा आसासकट चाकांची जोडी, एवढाच मार्ग. म्हणजे पुन्हा ते खण! खणात तो गिअर असेल तर इंजिन घ्यायला हरकत नाही.

मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण चाकं जागची हलत नाहीत? मग मोटर आणि गिअर यांच्यामधला दांडा निसटलाय किंवा गिअर आसावर नुसता घरंगळतोय. दुरुस्त होण्यासारखं आहे. मोटर फिरतच नाही, पण अॅमीटर करंट दाखवतो? बहुतेक वेळा जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. पटकन थ्रॉटल बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. खोलून, साफ करून, प्लॅस्टिकला चालणारं ग्रीस थोडंसं लावलं की अशी इंजिनं पुन्हा छान धावतात. अॅमीटर शून्यच दाखवत असेल तर तार तुटलेली असते, चाकं मळलेली असतात किंवा ब्रश झिजलेले असतात. या तिन्ही गोष्टी सोप्या. आणि जळकट वास आला तर? तिथेच थांबायचं.

डीसीसीवर जायचा विचार असेल तर आणखी एक चाचणी करा. इंजिन चालू असताना वरून बोटाने दाबा, इतकं की चाकं फिरायची थांबतील. दोनच सेकंद! तेव्हाचा करंट बघा. आताच्या एचओ मोटरी रिकाम्या धावताना सहसा अर्ध्या अँपिअरच्या आत असतात, जुन्या उघड्या मोटरी बऱ्याच वर जातात. डिकोडर म्हणजे डीसीसीचे हुकूम समजून मोटर चालवणारी इंजिनातली चकती; एचओचे बरेच डिकोडर १ अँपिअरचे. दाबल्यावरचा आकडा त्याच्या वर गेला तर आधी मोटर बदला, मग डिकोडर बसवा.

इंजिन प्रत्येक फेरीत डुलत असेल तर चाकांवरच्या रबरी रिंगा बघा. कडक झालेली किंवा चिरलेली रिंग इंजिनाला डुलवते आणि त्याची ओढ कमी करते. नवी रिंग घेताना चाकाचा व्यास कॅलिपरने मोजा, अंदाजाने घेऊ नका. आणि खोक्यातला जुना फोम रंगाला चिकटलाय का तेही पाहून घ्या. फोम विरघळायला लागला की रंग सोबत घेऊन निघतो.

[कॅलिपर हातात.]

आता चाकं. चाकांच्या जोडीत आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. एचओत साधारण १४.३ ते १४.४ मिलिमीटर, ओओत १४.५. हे अंतर जास्त असेल तर सांध्यावरून, म्हणजे रूळ जिथे दोन वाटांना फुटतो तिथून, जाताना चाकाची कड फ्रॉगच्या (आतले दोन रूळ मिळतात त्या त्रिकोणाच्या) टोकावर आदळते. कमी असेल तर चेक रेलवर (चाकाला वाटेवर ठेवणाऱ्या आतल्या जोडरुळावर) अडकते आणि चाक वर चढतं. ‘माझी गाडी फक्त सांध्यावरच घसरते’ अशी तक्रार असेल तर सांधा उखडण्याआधी सगळ्या चाकांचं हे माप घ्या. बहुतेक वेळा एकच जोडी सापडते, आणि चाक हळूच पिळत आसावर सरकवलं की काम होतं.

मल्टिमीटर नेला असेल तर दोन चाकांमध्ये कंटिन्युइटी, म्हणजे वीज आरपार जाते का, ते बघा. बीप वाजला तर चाकं एकमेकांपासून विलग नाहीत. मार्कलिन या जर्मन कंपनीच्या तीन-रूळ पद्धतीच्या गाड्या अशाच असतात. दोन-रूळ मांडणीवर त्या ठेवल्या की लगेच शॉर्ट सर्किट होतो. गाड्या उत्तम आहेत, पण त्यांचं घर वेगळं.

रुळाचा कोड म्हणजे उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. कोड १०० म्हणजे २.५४ मिलिमीटर, ८३ म्हणजे २.१, ७५ म्हणजे १.९. कोड १०० ला ८३ जोडायचा तर साधा जॉइनर चालत नाही, उंची सांधणारा वेगळा जॉइनर मिळतो, तो मागा. जुन्या गाड्यांच्या चाकांची कड खोल असेल तर कमी उंचीच्या रुळावर ती खिळ्यांच्या डोक्यांवर खडखडते. घरून आणलेली वाघीण इथे कामी येते.

फ्लेक्स ट्रॅक, म्हणजे हवा तसा वाकवता येणारा रूळ, किती घ्यायचा? एक तुकडा बहुधा ९१४ मिलिमीटरचा. ६० सेंटिमीटर त्रिज्येच्या पूर्ण वर्तुळाला ३७७ सेंटिमीटर लागतात. चार तुकड्यांचे होतात ३६६. अकरा सेंटिमीटरसाठी पुन्हा खेप घालण्यापेक्षा पाच घ्या. वळवल्यावर आतला रूळ पुढे येतो. एचओत अर्ध्या वर्तुळाला सुमारे ५२ मिलिमीटर, मग त्रिज्या कितीही असो. तो कापावा लागतो, तेव्हा रूळ कापायची पक्कडही बघून ठेवा.

सांधा घेताना विचारा: फ्रॉग प्लॅस्टिकचा की वीज वाहणारा? प्लॅस्टिकच्या फ्रॉगवर छोटी दोन आसांची इंजिनं हमखास थांबतात, कारण तेवढ्या भागात वीज नसते. वीज वाहणारा घेतला तर फ्रॉगमधून निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना प्लॅस्टिकचे जॉइनर लावा. ते विसरलात तर शॉर्ट ठरलेला. दुकानातच सांध्यांबरोबर मोजून घ्या, प्रत्येक सांध्याला दोन.

वळणाबद्दल एक हिशेब लक्षात ठेवा. सगळ्यात लांब डब्याच्या तिप्पट त्रिज्या असेल तर गाडी निर्धास्त धावते. अडीचपट असेल तर बहुधा चालते. दुप्पट असेल तर रडतखडत. ३० सेंटिमीटरच्या एचओ डब्याला ९० सेंटिमीटर! खोक्यावर लहान त्रिज्या छापलेली असते हे खरं, पण तिथे डबा वळतो एवढाच त्याचा अर्थ. वळणाबाहेर लटकलेली त्याची टोकं कशी दिसतील, हे खोकं सांगत नाही.

[वाघीण आणि कपलिंग जवळून.]

कपलिंग सरळ रुळावर कधीच तपासू नका. एनईएम ३६२ या युरोपीय प्रमाणित खाचेसाठी केडी कंपनीची १७ ते २० क्रमांकांची, चार लांबींची कपलिंगं येतात, १७ सगळ्यात आखूड. आखूड लावलं की डबे छान जवळ येतात, पण अरुंद वळणावर बफर एकमेकांत अडकून डबा रुळावरून उचलला जातो. म्हणून वळणावर वाघीण ढकलत न्या, ओढत नाही. ढकलतानाच दोष दिसतो. जे सगळ्यात आखूड कपलिंग वळणावर अडकत नाही, ते तुमचं. उंचीही बघा: एचओत रुळाच्या माथ्यापासून कपलिंगच्या मध्यापर्यंत ९.९ मिलिमीटर.

आणि वजन! हलकी वाघीण मधोमध लावली की वळणावर आत कोसळते. अमेरिकेतल्या एनएमआरए संस्थेचा सल्ला एचओसाठी असा: २८ ग्रॅम, अधिक प्रत्येक सेंटिमीटर लांबीला ५.६ ग्रॅम. म्हणजे १५ सेंटिमीटरची वाघीण ११२ ग्रॅमची हवी. दुकानात चिकटपट्टीची वजनं मिळतात, ती आत, तळाशी लावा.

डिकोडर घेताना इंजिनाचं सॉकेट आधी उघडून बघा. आठ पिनांचा डिकोडर उलटा बसतो आणि मग गाडी उलट्या दिशेने धावते, दिवे लागत नाहीत. सहसा जळत काही नाही, फिरवून बसवा. एकवीस पिनांच्या सॉकेटमध्ये एका पिनेची जागा मुद्दाम बंद ठेवलेली असते. दुकानदाराला प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (डिकोडरची सेटिंग वाचायच्या-लिहायच्या वेगळ्या रुळावर) पहिली चाचणी घ्यायला सांगा. तिथे करंट मर्यादित असतो, जोडणी चुकली तरी डिकोडर वाचतो. प्रत्येक डिकोडरला ओळखीचा आकडा, म्हणजे पत्ता असतो; नवा डिकोडर बहुधा पत्ता ३ वर उत्तर देतो. जुन्या इंजिनाचा पत्ता माहीत नसेल तर तो तिथेच वाचून घ्या. बऱ्याच कंपन्यांच्या डिकोडरमध्ये सीव्ही ८ मध्ये (सीव्ही म्हणजे सेटिंगचा क्रमांकित कप्पा) ८ लिहिलं की मूळ सेटिंग परत येतं.

एवढं सगळं काउंटरवर तपासून, दुकानदाराचा अर्धा तास घेऊन, मग तीच वस्तू दुसरीकडून ऑनलाइन मागवणं बरोबर नाही. हे मी स्पष्टच सांगतो. ते टेस्ट ट्रॅक आणि ते खण विक्रीवरच टिकतात.

निघताना ती चिठ्ठी परत खिशात घालू नका. एक प्रत दुकानदाराकडे ठेवा आणि खाली लिहा: कुठलं इंजिन शोधताय, कुठला गिअर हवाय. कुणाचा तरी जुना संग्रह विकायला येतो तेव्हा तो काचेत लागण्याआधी काउंटरवर उघडला जातो. तेव्हा समोर तुमची चिठ्ठी असली पाहिजे.