छेद कुठे आहे?

(दृश्य: बैठकीचं टेबल. एक फाइल उघडली जाते.)

डायलिसिस विभागाकडून आलेली ही फाइल. मागणी एका ओळीची आहे: आणखी दोन मशिन हवीत, बारा रुग्ण प्रतीक्षा यादीवर आहेत.

खालचा हिशेब चोख आहे. एका रुग्णाला आठवड्यातून तीनदा बसावं लागतं, दर खेपेला साधारण चार तास. सोमवार-बुधवार-शुक्रवारचा एक गट, मंगळवार-गुरुवार-शनिवारचा दुसरा. दिवसाला तीन शिफ्ट चालवल्या तर एका मशिनवर सहा जण होतात. दोन मशिन, बारा जण. यादी संपली, सही करायला हरकत नाही.

आणि मग काही महिन्यांत यादी पुन्हा भरते.

(दृश्य: हॉस्पिटलचं दार, आत येणारी माणसं.)

शाळेत अपूर्णांक शिकताना वरच्या आकड्याला अंश म्हणायचो आणि खालच्याला छेद. या फाइलीत सगळे अंशच आहेत: दारातून आत आलेली माणसं. ती ज्या लोकवस्तीतून आली तिथे एकूण माणसं किती, त्यांची वयं काय, मधुमेह कितींना, रक्तदाब कितींना, यातलं एक अक्षर फाइलीत नाही. हा खालचा आकडा शोधणारं शास्त्र म्हणजे एपिडेमिऑलॉजी. मराठीत आपण त्याला साथरोगशास्त्र म्हणतो, आणि या नावानं थोडा घातच केलाय. साथ आली की त्याची आठवण होते, ओसरली की ते कपाटात जातं. मूत्रपिंड निकामी होण्याची कुठे साथ येते?

(दृश्य: पाण्याची टाकी. वर नळ, खाली तोटी.)

समजा, दरवर्षी दहा नवे रुग्ण येतात आणि प्रत्येक जण सरासरी चार वर्षं डायलिसिसवर राहतो. काही वर्षांत विभागातली संख्या चाळीसवर स्थिरावेल. आता विभागानं काम सुधारलं, जंतुसंसर्ग कमी झाले, रुग्ण जास्त जगू लागले. चाराची पाच वर्षं झाली. नवे रुग्ण दहाच, पण विभागात आता पन्नास जण. आजार कणभरही वाढला नाही, गर्दी वाढली ती चांगल्या कामामुळे. नुसती यादी बघणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही.

छेद मांडला की आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती जरा अडचणीची असते.

(दृश्य: व्हरमाँटचा नकाशा, तेरा भागांत विभागलेला.)

अमेरिकेतलं व्हरमाँट हे छोटं राज्य. जॉन वेनबर्ग आणि अ‍ॅलन गिटलसोन यांनी तिथले तेरा भाग घेतले आणि प्रत्येक भागातल्या शस्त्रक्रियांना तिथल्या लोकसंख्येनं भागलं. त्यांचा निबंध १९७३ साली आला. टॉन्सिल काढण्याचं प्रमाण एका भागात दहा हजारांमागे १३ होतं, दुसऱ्यात १५१. राज्य एकच. एका भागातल्या मुलांचे घसे दुसऱ्या भागापेक्षा दहा-बारा पटींनी वाईट असतील, हे कोणाला पटणार? फरक होता डॉक्टरांच्या सवयीत.

यातलं कुठलंही एक हॉस्पिटल सुटं पाहिलं असतं तर सगळं झकास वाटलं असतं. ऑपरेशन थिएटर भरलेलं, पालक समाधानी. पुढे हे आकडे डॉक्टरांसमोर ठेवले गेले. सर्वाधिक प्रमाण असलेल्या भागातल्या डॉक्टरांनी आपापसात बसून निकष तपासले, आणि तिथलं प्रमाण झपाट्यानं खाली आलं.

आरोग्यसेवांचे अभ्यासक मिल्टन रोमर यांनी तर १९५९ सालीच खाटांबद्दल हे दाखवलं होतं: खाट वाढवली की ती भरतेच. विम्याचे पैसे मिळत असतील तर हमखास.

(दृश्य: अल्ट्रासाउंडचा पडदा, मानेवर फिरणारा प्रोब.)

दक्षिण कोरियाची गोष्ट याहून बोचरी आहे. १९९९ साली तिथे राष्ट्रीय कर्करोग तपासणी सुरू झाली. थायरॉइड त्या यादीत नव्हतं, पण हॉस्पिटलं थोड्या जादा पैशांत मानेचा अल्ट्रासाउंडही करून देऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचं प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झालं. मृत्यूचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. ज्या बारीक गाठींनी आयुष्यभर त्रास दिला नसता, त्यांच्यासाठी ग्रंथी काढल्या जात होत्या आणि माणसं जन्मभराच्या गोळ्यांवर जात होती. व्यवस्थापनाच्या तक्त्यात ते सगळं वाढ म्हणूनच दिसलं असणार. २०१४ साली काही डॉक्टरांनी जाहीर आवाज उठवला आणि वर्षभरात या शस्त्रक्रिया सुमारे एक तृतीयांशानं घटल्या.

(दृश्य: पुन्हा डायलिसिस विभाग. नर्सच्या हातात रजिस्टर.)

म्हणून त्या फाइलीवर सही करण्याआधी एक प्रश्न विचारायचा. हे बारा जण पहिल्यांदा आले तेव्हा कसे आले?

नर्सला रजिस्टर उघडायचीही गरज पडत नाही. ज्याचा आजार आधीच लक्षात येतो त्याच्या हातात फिस्टुला करून ठेवतात, म्हणजे डायलिसिसची सुई टोचता यावी म्हणून धमनी आणि शीर जोडून ठेवतात. तो वापरण्याजोगा व्हायला काही आठवडे ते काही महिने जातात. ज्याचं कोणाच्याच लक्षात आलेलं नसतं तो रात्री इमर्जन्सीत येतो, धाप लागलेला, पाय सुजलेले. त्याच्या मानेतल्या शिरेत तातडीनं कॅथेटर, म्हणजे नळी, घालावा लागतो. समजा, बारांपैकी सात जण मानेत कॅथेटर घेऊन विभागात आले. त्यातले पाच वर्षानुवर्षं याच हॉस्पिटलच्या ओपीडीत मधुमेहाच्या गोळ्या घेत होते.

इथे तपासणीची गोष्ट कोरियाच्या उलट आहे. मूत्रपिंडाचा बिघाड लवकर सापडला तर त्याचा वेग कमी करणारी औषधं आहेत, आणि ती काम करतात हे चाचण्यांतून सिद्ध झालंय.

(दृश्य: फाइलीवर पेन.)

दोन मशिनची मागणी तशीच राहते. यादीतल्या बारा जणांना थांबायला सांगता येणार नाही. तिच्याखाली एक ओळ वाढते: ओपीडीतल्या मधुमेह आणि रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाची वर्षातून एकदा रक्तातल्या क्रिएटिनिनची (त्यावरून मूत्रपिंड किती काम करतंय ते कळतं) आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी. पुढच्या रकान्याचं नाव आहे 'एकूण रुग्ण'.

तो रकाना अजून कोरा आहे.