जादा पोलिसांचा खर्च कुणाच्या माथी?

मित्रहो, ब्रिटिश अमलातल्या आयर्लंडमध्ये काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, गावी फिरतं न्यायालय भरायचं. सुनावणीला एकही फौजदारी खटला नसला, तर न्यायाधीशांना पांढऱ्या हातमोज्यांची जोडी भेट देत. काउंटी शांत आहे, याची ती भर दरबारातली पावती. तरीही शांत म्हणवल्या जाणाऱ्या काउंट्यांना जादा पोलिसांच्या खर्चाची मागणी येतच राहायची.

१८३६च्या कायद्याने लॉर्ड लेफ्टनंटला, म्हणजे आयर्लंडमधल्या ब्रिटिश व्हाइसरॉयला, एखादा भाग अशांत जाहीर करून तिथे जादा शिपाई धाडता येत. १८४६ पासून नेहमीच्या पोलीस दलाचा खर्च सरकारी तिजोरीने उचलला. जादा दलाचा निम्मा भार मात्र स्थानिक करावर राहिला. पोलीस किती लागतात, हे डब्लिन कॅसलमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या तिथल्या मुख्यालयात, ठरायचं आणि पैसे भरायचा खेड्यातला शेतकरी. हे शिपाई पुष्कळदा कुठे असत? कुळाला हुसकावून रिकाम्या केलेल्या शेतावर, पहाऱ्याला. म्हणजे ज्याचा शेजारी घराबाहेर काढला गेला, त्यानेच त्या पहाऱ्याचाही खर्च सोसायचा!

१८९८ च्या कायद्याने निवडून आलेल्या काउंटी कौन्सिल आल्या, तेव्हा या तक्रारीला हक्काचं व्यासपीठ मिळालं. आमच्याकडे गुन्हे नाहीत, जादा पोलीस काढून घ्या, असे ठराव होऊ लागले. यावर सरकारपक्षाचं ठरलेलं उत्तर: पोलीस आहेत म्हणूनच गुन्हे नाहीत. हा युक्तिवाद मला घातक वाटतो. गुन्हे वाढले तरी पोलीस हवेत, घटले तरी हवेत. मग गावाने आपली शांतता सिद्ध करायची तरी कशी?

आयरिश पोलिसांचा नमुना सिंध जिंकणाऱ्या चार्ल्स नेपियरने तिथे उचलला आणि तिथून तो हिंदुस्थानात पसरला. त्याबरोबर ही वसुलीही आली. १८९७ मध्ये रँडच्या खुनानंतर पुण्यावर जादा पोलीस लादले गेले. आपल्याच मुंबई इलाख्यात, खेडा जिल्ह्यातल्या बोरसदला, १९२३ मध्ये दर प्रौढ माणशी दोन रुपये सात आण्यांचा कर बसला. दरोडेखोरांना लोकांची साथ आहे, हा आरोप; वास्तविक दरोड्यांनी गांजले होते तेच लोक. वल्लभभाईंनी कर न भरण्याची हाक दिली. जप्ती दिवसाउजेडीच करता येई, म्हणून गावोगाव दिवसभर घरांना कुलपं आणि पाणी भरणं, बाजारहाट सगळं रात्री. जप्तीवाले दिसले की ढोल वाजे. जानेवारी १९२४ मध्ये सरकारने कर मागे घेतला.

आज महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५० मध्येही जादा पोलिसांचा खर्च रहिवाशांवर टाकण्याची तरतूद आहे. बंदोबस्त लागतो, हे मला पूर्ण मान्य आहे. पण तो कशासाठी आणि किती दिवस, हे आधी लेखी सांगा. मुदत वाढवायची झाली तर ग्रामसभेपुढे या, आणि जिथे गाव नाही म्हणेल तिथे खर्च सरकारने सोसावा.